रविवारी स्पेलिंग दुरुस्तीला बसायचंय, लॅपटॉप आणा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ते १, जळगावला नेहमीच्या हॉलवर. भुसावळ-चाळीसगाववाल्यांनी रेल्वेचं बघून या, धुळे-नंदुरबारचे ऑनलाइन बसले तरी चालेल.

काम एकच, आपल्या प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमधल्या आणि कोडच्या कॉमेंटमधल्या चुका काढायच्या. परवा बघितलं तर एकाच फाइलीत 'रिसीव्ह'चं स्पेलिंग तीन तऱ्हेचं, आणि मराठी पानावर 'माहिती'ची 'माहीती' (ती माझीच, हसू नका).

- आधी कोडस्पेल (स्पेलिंगच्या चुका शोधणारं टूल) चालवा पण नुसती यादी बघा, आपोआप बदल करायला लावू नका, ते बरोबर शब्दालाही कधीकधी चूक म्हणतं.
- व्हेरिएबल, फंक्शन, एपीआयची (ज्यातून बाहेरचे प्रोग्रॅम आपला कोड वापरतात ते) नावं चुकली असली तरी हात लावायचा नाही भाऊ, दुसऱ्यांचा कोड त्यांच्यावर चालतो. वेबच्या एचटीटीपी नियमांमधल्या 'रेफरर' हेडरचंच (आधीचं पान कोणतं ते सांगणारी ओळ) बघा ना, १९९६ च्या आरएफसी १९४५ या नियमांच्या दस्तऐवजामध्ये एक 'आर' कमी पडला तो आजही तसाच आहे, कारण सुधारायला गेलं तर सगळंच अडतं.
- 'कलर'मध्ये 'यू' आहे की नाही यावर भांडू नका, दोन्ही बरोबर.
- बाहेरून आणलेल्या लायब्ररीचे फोल्डर सोडून द्या.
- एका फोल्डरची एक पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करायची विनंती), त्यात कोडचा दुसरा बदल घुसवू नका, तपासणाऱ्याचं डोकं उठतं.

कोण कोणतं फोल्डर घेतंय ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका. नंतर भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, आकडा लवकर कळवा.