फोर बाय फोर घेतली, पण दुसरा गिअर कोण शिकवणार?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आलाय. आता आमच्या शहादा-म्हसावद-राणीपूर रोडवर शनिवार-रविवार गाड्यांची रांग सुरू होईल, तोरणमाळचं धुकं बघायला धुळे, जळगाव, नाशिक, सुरतेपासून लोक येतात, येऊ द्या, त्यानी इकडच्या लोकांना चार पैसे मिळतात. पण त्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या, जीपा दरवर्षी वाढतायत आणि चालवणाऱ्या पोरांना गाडीतला तो दुसरा गिअर, म्हणजे नेहमीच्या गिअरशेजारचं फोर व्हीलचं लिव्हर, कशासाठी दिलाय हे कोणी सांगितलेलंच नसतं. गाडीची चावी देताना पेढा देतात, फोटो काढतात, गाणं लावतात, पण ती चिखलात कशी चालवायची हे अर्धा तास बसून सांगत नाहीत. म्हणून हे पत्र, लांबलं तर कापा पण पाण्याचा भाग कापू नका ही विनंती.

मी २६ वर्षं सातपुड्यात जीप चालवतोय. आधी एका सरकारी खात्याच्या गाडीवर होतो, धडगाव, मोलगी, देवगोई घाट, चांदसैली घाट, भर पावसात कॅम्पची माणसं आणि औषधाची खोकी घेऊन जायचं. आता स्वतःची जुनी जीप आहे, शेतात आणि डोंगरात तिच्यावरच फिरतो.

पहिली गोष्ट म्हणजे आपली गाडी फोर बाय फोर आहे का हे तरी बघा. २०२३ पासून थार टू व्हील ड्राइव्हमध्ये पण मिळते, बाहेरून तीच दिसते, फक्त मागची चाकं ओढतात. मागच्या वर्षी राणीपूरच्या पुढे एका नाल्यात एक पोरगा अडकला होता, मी म्हटलं भाऊ फोर लो टाक (चारही चाकं जोडून जोर वाढवणारा हळू गिअर), तर तो म्हणे काका ते कुठे असतं. शोधलं तर त्या गाडीत ते नव्हतंच. सेकंडहॅन्ड घेतलेली, विकणाऱ्यानी "थार आहे, कुठंही जाते" एवढंच सांगितलं आणि ह्यानी विश्वास ठेवला.

आता ज्यांच्या गाडीत आहे त्यांचं. थार, गुरखा, जिम्नी ह्या तिन्ही पार्ट टाइम फोर बाय फोर आहेत, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एकदा जोडली की दोन्हीकडचे शाफ्ट एकाच स्पीडनी फिरणार. सरळ रस्त्याला चालतं पण वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी. लेझीमची रांग वळते तेव्हा बाहेरच्या पोराला पळावं लागतं आणि आतला जागच्या जागी पाय आपटतो ना, तसंच. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, पण कोरड्या डांबरीवर ते घसरत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. हे मी स्वतः भोगलंय. नोकरीत नवा होतो, धडगावहून उतरलो आणि फोर व्हील काढायचंच विसरलो, म्हसावदच्या पुढे स्टेअरिंग जड लागायला लागलं, वळणावर गाडी कुरकुरायला लागली, तरी मी तशीच दामटली. शहाद्यात आलो तेव्हा लिव्हर निघेना आणि दुसऱ्या दिवशी ट्रान्सफर केस खाली उतरवावी लागली. तेव्हा मला कोणी सांगितलं असतं की लिव्हर अडकलं तर सरळ चार पावलं रिव्हर्स घे, ताण सुटतो, तर ते काम निघालं नसतं. चारही टायर एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले का पाहिजेत ह्याचं कारण पण हेच. पुढे नवे आणि मागे टकले टाकून फोर बाय फोर वापरलं की सरळ रस्त्याला पण आतल्या आत ओढाताण चालू राहते.

आणि एक गैरसमज फार पसरलाय की फोर बाय फोर म्हणजे गाडी जास्त धरते. पुढे जाताना चार चाकं ओढतात, बरोबर, पण थांबताना सगळ्याच गाड्यांना चारच ब्रेक असतात आणि ही गाडी उलट जड आणि उंच. तोरणमाळच्या सात पायरी घाटात ओल्या डांबरीवर ती तुमच्या शेजारच्या छोट्या कारपेक्षा उशिरा थांबेल, लवकर नाही. त्यात मोठ्या गुट्ट्यांचे चिखलाचे टायर टाकले असतील तर ओल्या डांबरीवर पकड अजून कमी. उतरताना डांबरीवर साधा सेकंड-थर्ड ठेवा, न्यूट्रल तर कधीच नाही. कच्च्या ओल्या उतारावर मात्र फोर लो आणि पहिला गिअर, क्लचवरचा पाय पूर्ण काढून घ्या आणि इंजिनला गाडी धरू द्या. चढावर मधेच गाडी मेली तर वळवायचा प्रयत्न करू नका, पोरं हमखास इथंच चुकतात, आडवी केली की गाडी पलटी होते. ब्रेक घट्ट धरून रिव्हर्स टाका आणि ज्या चाकोरीनी वर गेलात त्याच चाकोरीनी सरळ खाली या. स्टेअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका, चाक दगडावर आपटून स्टेअरिंग झटक्यात फिरलं तर अंगठा मोडतो, जुन्या गाड्यांत तर नक्की. बेल्ट लावा, दहाच्या स्पीडला असलात तरी लावा. आणि टपावर माणसं बसवू नका, आमच्याकडे सवय आहे म्हणून ते बरोबर होत नाही.

आता पाणी. इकडे फरशी पूल फार आहेत आणि पांझरा, बुराई, गोमाई ह्या नद्या एरवी कोरड्या दिसतात पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असताना पाणी येतं. कंपनी सांगते थारला ६५० मिलिमीटर, गुरखाला ७०० मिलिमीटर पाणी चालतं, पोरांना हे आकडे तोंडपाठ असतात. पण तो आकडा साचलेल्या पाण्याचा, खाली टणक जमीन असताना आणि अगदी हळू चालवल्यावरचा आहे. वाहतं पाणी गाडीला बाजूनी ढकलतं आणि खालून उचलतं, दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या घेऊन जातं, त्यात जीप पण आली. जेवढी गाडी तरंगायला लागते तेवढा चाकावरचा भार कमी होतो, मग चार चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. गढूळ पाण्याखाली फरशीची कड दिसत नाही, आणि मधली फरशी वाहून गेलीय का हे तर अजिबात दिसत नाही. बुराईच्या काठावर एक म्हातारे बाबा दोन तास आमच्याजवळ बसले होते, मी सारखा उठून पाणी बघायचो तर म्हणाले, "घाई कसाले करस दादा, पानी उतरू दे, मंग जाय." संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा दिसलं, पलीकडची दोन मीटर फरशी गेलेली होती.

साचलेलं पाणी असेल तर आधी कोणीतरी काठी घेऊन पायी जाऊन बघायचं, जिथं माणूस चालत जाऊ शकत नाही तिथं गाडी घालायची नाही. घालायच्या आधी दहा मिनिटं थांबा. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधला गिअरचा डबा, आणि त्याचं हाऊसिंग तापलेलं असतं, थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून त्याला हवा ये-जा करायला दिलेली ब्रीदरची नळी उंच आणि मोकळी आहे का हे पावसाळ्याआधी मेकॅनिककडून बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मग फोर लो, पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा रेस, मधे गिअर बदलायचा नाही, बोनेटपुढे पाण्याची छोटी लाट राहील एवढाच स्पीड. पाणी उडवत जोरात घातली की तेच पाणी एअर फिल्टरमधून इंजिनात जातं, पिस्टन हवा दाबू शकतो पण पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल मारू नका. परत परत सेल मारल्यामुळे इंजिन फुटलेलं मी बघितलंय, न मारता ओढून काढली असती तर फिल्टर आणि ऑइल बदलून भागलं असतं.

ओढण्याचं पण सांगतो कारण त्यात माणूस मरतो. अडकलेली गाडी बघितली की ट्रॅक्टर बोलावतात, बंपरला नाहीतर टोइंगच्या गोळ्याला दोर बांधतात आणि झटका देतात. माझ्यासमोर एका जीपचा बंपरचा हूक तुटला आणि दोरासकट ट्रॅक्टरच्या मडगार्डवर येऊन आदळला, पत्रा आत गेला. तिथं मिनिटभर आधी एक शाळकरी पोरगा उभा होता, त्याच्या आईनी त्याला हाक मारली म्हणून तो वाचला. चेसिसला पक्का बसवलेला रिकव्हरी हूकच वापरा, दोरावर मधे ओलं गोणपाट किंवा घोंगडी टाका म्हणजे तुटला तर उडत नाही, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात एकही माणूस नको. त्या आधी फावड्यानी चाकापुढची माती काढा, दगड-फांद्या टाका, टायरची हवा ३० वरून १८-२० वर आणा, निम्म्या गाड्या ओढायची वेळ न येता निघतात. प्रकाशा गावाजवळ तापीच्या वाळूत मी हवा कमी करूनच चालवतो. पण डांबरीवर यायच्या आधी हवा परत भरायची, आपल्याकडे उन्हाळ्यात ४४-४५ डिग्री असतं, कमी हवेवर पळवलं की टायर तापून फाटतो. सिगारेट लायटरवर चालणारा पंप बरोबर ठेवा.

फिरून आल्यावर लोक वरून गाडी धुतात आणि झालं म्हणतात. आपली काळी माती सिमेंटसारखी बसते, रिमच्या आत बसली की ८० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं, रेडिएटरच्या जाळीत बसली की मार्चमध्ये गाडी गरम होते. खालून धुवा, जाळी हलक्या पाण्यानी धुवा. पाण्यातून काढल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा, आणि घरी आल्यावर डिफरन्शियलचं बूच थोडं सैल करून तेल बघा, दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, त्याच आठवड्यात बदला. जुन्या जीपांना क्रॉसचं आणि जिथं निप्पल आहे तिथं ग्रीसिंग. फोर बाय फोर वर्षभर वापरलंच नाही तर लिव्हर जाम होतं, म्हणून महिन्यातून एकदा शेतातल्या मातीत टाकून थोडं चालवा. दिवाळीनंतर डोंगरातलं गवत सुकतं तेव्हा गाडी त्याच्यावर उभी करू नका, नव्या डिझेल गाड्यांचा सायलेन्सरकडचा भाग खूप तापतो आणि गवत पेटतं. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका, २०१७ पासून केंद्र सरकारनी त्याला मनाई केलीय.

शेवटचं, आणि माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं आहे. तुम्ही मजा म्हणून ज्या ओल्या कच्च्या रस्त्यावर चाकं फिरवता तो कोणत्यातरी पाड्याचा एकुलता एक रस्ता असतो. चाक जागेवर फिरलं की हातभर चाकोरी पडते, रात्री पाऊस पडला की त्या चाकोरीतून नाला वाहतो आणि सकाळी पेशंट घेऊन येणारी गाडी तिथंच अडकते, मग माणसाला झोळीत घालून खांद्यावर आणावं लागतं. ती झोळी मी उचललीय, साहेब, पाच किलोमीटर. तेव्हा चाक फिरायला लागलं की पाय काढा, उतरा, फावडं घ्या. आणि रस्ता फारच ओला असेल तर त्या दिवशी नका जाऊ.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. पाणी उडवत जाणाऱ्या जीपचा मोठा फोटो पुरवणीत छापता तेव्हा खाली पाण्याबद्दलच्या चार ओळी पण छापा. आणि जून ते सप्टेंबर रोज सकाळी देवगोई, चांदसैली, तोरणमाळ, कन्नड हे घाट आणि मोठे फरशी पूल चालू आहेत का बंद, एवढी एक चौकट जिल्हा पानावर द्या. आम्ही जीपवाले घाटातून उतरलो की फोन करून सांगायला तयार आहोत, फक्त कोणाला सांगायचं तो नंबर छापा.

आपला नियमित वाचक,
एक जुना जीपवाला, शहादा, जि. नंदुरबार