रविवारचा गोष्टीचा वर्ग : पालकांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० ते ११.३० बालवाडी ते दुसरीच्या मुलांचा वर्ग वडगावच्या नेहमीच्या सभागृहात भरेल. खानापूरकडच्यांनी बसची वेळ बघून निघावे. थोडा उशीर चालेल.

या वेळी गोष्ट उडत्या घोड्याची आणि बोलक्या डोंगराची. ‘पुढं काय होईल?’ हे मुलांनाच सांगू द्या. घोडा आला की ‘घो’ने सुरू होणारे आणखी शब्द त्यांच्याकडून काढून घ्यायचे, मग तेच अक्षर पाटीवर. आधी कान, मग डोळा, मग हात. बाराखडी पाठ असूनही ओळ वाचता न येणारी मुले आपल्यात बरीच आहेत, म्हणून हा खटाटोप.

- पाटी, खडू, जुनी वही आणावी.
- वाचताना ओळीखाली बोट फिरवावे.
- मूल मध्येच कन्नड शब्द बोलले तर टोकू नका. गल्लीत दोन्ही भाषा कानावर पडतात, ते चांगलेच आहे.
- गोष्टीतल्या राक्षसाला घाबरणारे मूल मांडीवर घ्या, बाहेर नेऊ नका.

मोबाइल बंद. आजी-आजोबा आले तर उत्तमच, त्यांच्याइतकी रंगवून गोष्ट आम्हाला जमत नाही. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत मुलाचे नाव व इयत्ता गटावर कळवावी.