व्हिसाच्या काऊंटरवरच्या अक्कांना

अक्का, नमो बुद्धाय, जयभीम.

तुम्हाला मराठी येत नाही हे माहीत आहे, पण भन्तेंची सिंहली आता बऱ्यापैकी झालीये, ते तुम्हाला फोनवर हे सांगणार आहेत. आणि आपल्या लोकांनीही वाचावं असं मला वाटतं म्हणून उघडच लिहितेय.

भन्ते म्हणजे माझा सख्खा लहान भाऊ. श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, झाल्यापासून आम्ही घरचे सगळे त्यांना अहो-जाहो करतो, आई स्वतःच्या पोराला वाकून वंदन करते. धर्मानंद कोसंबींबद्दल वाचल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, श्रीलंकेत जाऊन पाली शिकायचं. गोव्याच्या एका छोट्या गावातला माणूस 1902 साली कोलंबोला पोचतो, विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, सुमंगल महाथेरांजवळ बसून शिकतो, मग आपण नागपूरहून काहून जाऊ शकत नाही, असं ते म्हणायचे. ज्या देशात मातलेजवळच्या अलुविहारात त्रिपिटक पहिल्यांदा लिहून काढलं तिथेच जायचं, दुसरीकडे नाही. तिकडच्या परिवेणाने प्रवेशही दिला. अडकलं ते फक्त व्हिसात.

तुमच्यापर्यंत यायच्या आधी आम्ही जे ऐकलंय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका एजंटने पैसे घेतले आणि वर सांगितलं की टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर सगळं होऊन जातं. उद्या तिकडे पकडलं असतं तर पोराचं शिक्षण तर गेलंच असतं, चीवर घातलेल्या माणसाची बदनामी झाली असती ती वेगळीच, पण त्याला काय त्याचं. एका ऑफिसात साहेब पासपोर्टवरचा केस असलेला फोटो आणि समोरचं मुंडन केलेलं डोकं बघून हसला, मग आडनाव वाचलं आणि विचारलं, "फुकट खायला मिळतं म्हणून का?" भन्ते शांत बसले. माझ्या अंगाची लाही झाली. एका ठिकाणी म्हणे यांच्या स्वतःच्या खात्यात एवढे एवढे पैसे दाखवा. अहो, श्रामणेराचं दहावं शीलच सोनं-चांदी, पैसा न घेण्याचं आहे, त्यांच्या खात्यात काय सापडणार? आणि आपलेच नेते, बुद्धपौर्णिमेला भन्तेंच्या शेजारी उभं राहून फोटो काढणारे, त्यांच्याकडे एक शिफारसपत्र मागितलं तर उद्या या, परवा या, साहेब दौऱ्यावर आहेत. त्यांचं मला जास्त लागलं. परक्यांकडून अपेक्षा नसते.

म्हणून मुंबईला श्रीलंकेच्या वकिलातीत तुमच्याकडे आलो तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच आले होते. फाईल छातीशी धरलेली, कोण काय बोलतं तेच बघत होते.

आणि तुम्ही काऊंटरच्या मागून भन्तेंना बघितलं आणि उठून उभ्या राहिलात. हात जोडलेत. मग ड्रॉवरमधून घडी केलेलं पांढरं कापड काढलं, बाहेर आलात, भिंतीजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ते नीट पसरलंत, कोपरे सारखे केलेत आणि बाजूला झालात. एक शब्द नाही बोललात. भन्ते बसले. तेवढं झाल्यावरच तुम्ही माझ्याकडून फाईल घेतली.

तुमच्याकडे ही रीतच आहे हे मला भन्तेंनी नंतर सांगितलं, भिक्षू घरी आले की आसनावर पांढरं कापड घालायचंच. तुमच्यासाठी ते रोजचं असेल. पण अक्का, आम्ही कोण आहोत ते तुम्हाला कदाचित माहीत नसेल. ज्या बाबासाहेबांमुळे आम्ही 1956 मध्ये बौद्ध झालो त्यांना लहानपणी शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, आणि तेही शाळेचा शिपाई शिवायचा नाही म्हणून संध्याकाळी परत घरी घेऊन यायचे. माझ्या आजोबांना गावात खुर्चीवर बसलेलं कोणी पाहिलं नाही. त्यांचा नातू आणि त्याच्यासाठी एक शिकलेली, नोकरीतली बाई स्वतः उठून आसन घालते, ते पण आडनाव न विचारता. मी तिथे भिंतीकडे तोंड करून रडले. तुम्हाला वाटलं असेल कागद कमी पडले म्हणून रडतेय, कारण तुम्ही लगेच म्हणालात, होईल, काळजी करू नका.

बाकी मग झालंच. अभ्यासासाठी आधी एंट्री व्हिसा घ्यायचा आणि तिकडे पोचल्यावर रेसिडेन्स व्हिसा, हे आम्हाला पहिल्यांदा कोणीतरी सरळ समजेल असं सांगितलं. पासपोर्टवरचं नाव आणि दीक्षेनंतरचं नाव एकाच माणसाचं आहे याचा कागद विहारातून कसा आणायचा ते तुम्ही स्वतः लिहून दिलंत, परिवेणाच्या पत्रात काहीतरी राहिलं होतं तर तुम्हीच फोन लावून त्यांच्याशी सिंहलीत बोललात, आणि साडेअकरा वाजलेले बघून आधी भन्तेंना बाराच्या आत जेवून येऊ द्या म्हणालात. व्हिसा लागला त्या दिवशी पासपोर्ट दोन्ही हातांनी दिलात. आम्ही मिठाईचा डबा आणला होता, तो तुम्ही घेतला नाही, म्हणालात विहारात द्या. दिला.

नियम तुमच्याकडे पण होते, अक्का. एकही कागद तुम्ही सोडला नाही, आणि मला ते फार आवडलं. लोक म्हणतात नियमांमुळे माणुसकीने वागता येत नाही, हे साफ खोटं आहे. ज्यांनी आम्हाला हाकललं त्यांना कुठलाच नियम आडवा आला नव्हता, त्यांना फक्त समोरचा माणूस आपल्या बरोबरीचा वाटत नव्हता. आणि तुम्ही तर त्यांच्यापेक्षा जास्त काटेकोर, तरी तुमच्या समोर उभं राहताना आम्हाला एकदाही मान खाली घालावी लागली नाही. इकडे सरकारी खुर्चीवर बसलेल्या आपल्या पोरापोरींनी, त्यातही आपल्या समाजातून शिकून वर गेलेल्यांनी, हे वाचलं तर बरं होईल. समोर आलेल्याला बस म्हणायला कुठल्या जीआरची गरज नाही.

भन्ते मजेत आहेत. पहाटे उठतात, सुत्तं पाठ करतात, व्याकरणात दमछाक होते म्हणतात. जेवण तिखट आहे पण आपल्या सावजीपुढे काही नाही असं आईला सांगतात, म्हणजे आई काळजी करणार नाही. पुढच्या सुट्टीत अनुराधापूरला जाणार आहेत. आमच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष तिथल्याच महाबोधीच्या फांद्यांपासून वाढवलेला आहे, तर बाबा म्हणाले तिथे आमच्या सगळ्यांच्या वतीने वंदन करा, आणि अक्कांच्या घरच्यांसाठी पण.

आईचा निरोप आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला एकदा नागपूरला याच. त्या दिवसांत लाखो लोक येतात, हॉटेलं मिळत नाहीत, तर हॉटेल शोधूच नका, सरळ आमच्याकडे उतरा. स्टेशनवर बाबा घ्यायला येतील. फक्त दोन दिवस आधी भन्तेंना कळवा.

तुमची,
भन्तेंची ताई