हॉस्टेलची शिस्त पोरांच्या हाती द्या, पण नीट

संपादक साहेब, नमस्कार. हॉस्टेलवाल्या कॉलेजात शिस्तीच्या तक्रारी विद्यार्थ्यांच्याच कमिटीने ऐकाव्यात हे मला मनापासून पटतं, कारण रात्री कॉरिडॉरमध्ये नक्की काय झालं ते वॉर्डनपेक्षा शेजारच्या खोलीतल्या पोरांना जास्त माहीत असतं. पण तीच पोरं एका मेसमध्ये जेवतात, कुणाची दोस्ती, कुणाचं वैर, मग निकाल सरळ कसा लागणार? म्हणून ज्याच्यावर तक्रार आहे त्याला ती आधी लेखी मिळाली पाहिजे, उत्तर द्यायला वेळ पाहिजे, सोबत एखादा मित्र बसू दिला पाहिजे आणि त्याचा रूममेट कमिटीत असेल तर त्याने त्या केसपुरतं बाजूला व्हावं, एवढं साधं आहे हो.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासून ऑनर सिस्टीम आहे, म्हणजे खोटं बोलणं, कॉपी, चोरी असल्या तक्रारींचा निवाडा करणारी व्यवस्था, ती विद्यार्थीच चालवतात, आधी दोषी ठरला की थेट हकालपट्टी व्हायची, २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती शिक्षा सौम्य केली. मुलांना काय कळतं म्हणणाऱ्यांनी हे बघावं!

मात्र रॅगिंग, मारहाण, छेडछाड असले प्रकार या कमिटीकडे अजिबात देऊ नका, ते कॉलेजने आणि पोलिसांनीच बघायचं. आणि निकाल पटला नाही तर प्राचार्यांकडे अपील करता आलं पाहिजे, तेही ठरलेल्या मुदतीत.

– हॉस्टेलचा एक माजी प्रतिनिधी