बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "इतकी वर्षं संशोधन करतेस, तुझ्या हातून एखादं औषध निघालं का?" मी "नाही" म्हटलं आणि आईने घाईघाईने विषय बदलला. आई, मला वाईट वाटलं नव्हतं गं. पण नुसतं "नाही" म्हणणं हे त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर नव्हे, म्हणून हे पत्र.

मी ज्या आजारावर काम करते तो फेनिलकीटोन्युरिया. मधुमेहासारखाच चयापचयाचा, पण जन्मजात आणि दुर्मीळ. प्रथिनांतून आपल्या पोटात फेनिलअ‍ॅलनिन नावाचं अमिनो आम्ल जातं आणि यकृतातलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, त्याचं टायरोसिन हे दुसरं अमिनो आम्ल करतं. त्या एन्झाइमचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर असतं. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, की फेनिलअ‍ॅलनिन रक्तात साठत जातं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाळ गर्भात असेपर्यंत आईचंच यकृत हा भार उचलतं, म्हणून जन्मताना ते अगदी धडधाकट दिसतं. मला या आजारातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. (बाबा, साखरेऐवजी तुम्ही घेता त्या गोळ्यांत अ‍ॅस्पार्टेम असेल, तर डबीवर फेनिलअ‍ॅलनिनची सूचना सापडेल. ती याच रुग्णांसाठी असते.)

आई, या आजाराचा पत्ता लागला तो एका आईमुळे. नॉर्वेतल्या बोर्ग्नी एगेलँड यांची दोन्ही मुलं बुद्धीने मागे राहिली होती आणि त्यांच्या लघवीला एक वेगळाच वास यायचा. त्याचं कारण कुणालाच सांगता येईना, पण त्यांनी विचारणं सोडलं नाही. शेवटी 1934 साली आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी त्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं आणि ती हिरवी झाली. एरवी असा रंग येत नाही. डॉक्टरांनी आणखी नमुने मागवले, बाई ते पोचवत राहिल्या, आणि त्यातून फेनिलपायरुविक आम्ल सापडलं, साठलेल्या फेनिलअ‍ॅलनिनपासूनच बनणारं. त्यांच्या स्वतःच्या मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. तोवर फार उशीर झाला होता.

पुढे बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका छोट्या मुलीला फेनिलअ‍ॅलनिन अगदी कमी असलेला आहार दिला. तिच्यात सुधारणा दिसू लागली आणि 1953 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याही उपचारामागे मुलीच्या आईचा तगादा होता. मग 1960 च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी टिपकागदावर वाळलेल्या रक्ताच्या थेंबावर चाचणी बसवली. त्यांच्या भाचीला हाच आजार होता. टाचेतून घेतलेल्या त्या थेंबामुळे आजार पहिल्या काही दिवसांतच कळू लागला, आणि वेळेत आहार सुरू झालेली मुलं शिकली, नोकरीला लागली, त्यांना मुलंबाळं झाली. बाबा, यात औषध कुठेच नाही. रसायन कळलं, म्हणून मेंदू वाचले.

पण तो आहार जन्मभर पाळायचा असतो. मांस, दूध, डाळी, सगळ्यांवर बंधन, आणि प्रथिनांसाठी खास बनवलेलं पेय प्यायचं. लहानपणी आईवडील सांभाळतात, मोठेपणी पथ्य सुटत जातं. माझं काम इथून सुरू होतं.

या एन्झाइमची साखळी 452 अमिनो आम्लांची असते. ती नेमकी दुमडावी लागते. बऱ्याच रुग्णांत एखादंच अमिनो आम्ल बदललेलं असतं. छत्रीची एक काडी वाकली की कापड धड असूनही ती उघडत नाही, तसं त्या एन्झाइमचं होतं. ते काम करू शकलं असतं, पण दुमड बिघडल्यामुळे पेशी त्याला मोडीत काढते. सॅप्रोप्टेरिन हे औषध काही रुग्णांत अशा एन्झाइमला सावरून धरतं. अमेरिकेत त्याला 2007 मध्ये मान्यता मिळाली. काहींनाच ते का लागू पडतं आणि बाकीच्यांच्या एन्झाइमला कोणता रेणू आधार देईल, हे मी शोधते. जनुकातले बदल हजाराहून अधिक आहेत, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला चालेलच असं नाही. हळू चालणारं काम आहे, पण मला ते मनापासून आवडतं.

2025 मध्ये फिलाडेल्फियात चयापचयाचा दुसराच एक जन्मजात दोष असलेल्या बाळासाठी, खास त्याच्याच जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध तयार करून दिलं गेलं. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. काहीजण म्हणतात, आता तुमच्या रेणूंचं काय काम? मला तसं वाटत नाही. एकेका बाळासाठी वेगळं औषध बनवणं सगळीकडे परवडायला वेळ लागेल, आणि रोज घेता येईल अशी गोळी तोवर हवीच आहे.

सध्या एक रेणू यकृताच्या पेशींमध्ये एका सदोष एन्झाइमला टिकवून धरतोय. पुढे उंदरांवर पाहायचं, आणि तिथेही टिकलं तर माणसांवरच्या चाचण्या. ते माझ्या हयातीत कुठवर जाईल हे सांगता येत नाही. अधिक पगाराची जागा समोर आली होती, हे तुम्हाला माहीत आहे. मी नकार कळवला आहे. बाबा, तुम्हाला तो निर्णय पटला नाही तरी त्यामागचं कारण ठाऊक असावं, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

दोघांना साष्टांग नमस्कार.

तुमची,
लेक