दोन वेळा कुलूप, तिसऱ्यांदा सूपभर भात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात गावातील निवृत्त शिक्षक आणि काही शेतकरी मिळून जुन्या घराच्या सोप्यात छोटे संग्रहालय विनावेतन चालवतात. सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी यांना घेऊन आम्ही तेथे गेल्या रविवारी गेलो. त्याआधी दोन वेळा मात्र कुलूप पाहून परतावे लागले होते.

अशा ठिकाणी पालकांचा निम्मा वेळ ‘हात लावू नको’ म्हणण्यातच जातो. येथे दारात बसलेल्या गुरुजींनी मुलांपुढे भाताने भरलेले सूप सरकवले, शेजारी मापटे, शेर आणि पायली ठेवली आणि पायलीत किती शेर बसतात ते मोजा, असे सांगितले. चार शेरांत पायली भरली. मग मुलाने हट्टाने पुन्हा मापट्याने मोजून आठ मापटी होतात याची खात्री करून घेतली. धाकटीने बरेच भात जमिनीवर सांडले, तेव्हा तिच्या हाती केरसुणी आली आणि मोजण्यापेक्षा झाडण्यातच ती अधिक रमली, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या एका मुलाला गुरुजी तोच शेर ‘सेरू’ म्हणून कन्नडमध्ये समजावत होते.

नाणी मात्र मोठ्यांच्या उंचीच्या टेबलावर, काचेखाली आहेत. १९५७ पूर्वीचा रुपया १६ आण्यांचा म्हणजे ६४ पैशांचा होता आणि त्या वर्षापासून तो १०० नव्या पैशांचा झाला, हे मुलांना नुसते सांगून कळत नाही. टेबलापुढे एखादा चौरंग आणि हाताळायला थोडी झिजलेली नाणी ठेवली, तरी पुष्कळ काम होईल.

कुलपाचे कारण गुरुजींनीच सांगितले. किल्ली सांभाळणारे दोघेच असून लावणी-मळणीच्या दिवसांत त्यांना सवड नसते. जाती, उखळे, समया आणून देणारे पुष्कळ आहेत. मागची खोली अशा वस्तूंनी भरली असून त्यांवर साधी चिठ्ठीही लागलेली नाही. तेव्हा वाचकांनी आणखी वस्तू देण्याऐवजी महिन्यातील एक दुपार द्यावी, आणि चालकांनी उघडण्याचे वार व वेळ मराठी-कन्नड दोन्ही भाषांत दारावर लिहावी, अशी विनंती आहे. पुढील महिन्याचा दुसरा रविवार आम्ही मागून घेतला आहे. तिसरा अजून रिकामा आहे.

आपला विश्वासू,
एक पालक, बेळगाव