मान्सून अंदमानात आला, आणि त्याच आठवड्यात आपली माणसंही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आगेमागे 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी तुमच्या पेपरात येते आणि ती वाचून महाराष्ट्रात सगळ्यांना किती बरं वाटतं ते मला चांगलं माहितीये, मी मूळची विदर्भातली, ४५ डिग्रीत कूलरसमोर बसून ती बातमी वाचत मोठी झाले. पण नोकरीनिमित्त आम्ही आता बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला राहतोय (२०२४ पासून नाव श्री विजयपुरम झालंय, बाजारात अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतात) आणि तो दाखल झालेला मान्सून आमच्या पत्र्यावर वाजत असतो. हे पत्र लिहायचं कारण असं की त्याच दिवसांत पेपरांच्या आतल्या पानांवर 'सुट्टी स्पेशल अंदमान' अशा टूरच्या जाहिराती असतात, निघायच्या तारखा मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या, म्हणजे पहिल्या पानावर पाऊस आला म्हणून आनंद आणि आत त्याच बेटावर त्याच आठवड्यात माणसं पाठवायची जाहिरात, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे वाचकाला कुणीच सांगत नाही.

मराठी माणसं नेमकी तेव्हाच येतात याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. शाळांना सुट्टी तेव्हाच असते. दुसरं म्हणजे २८ मे. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या जयंतीला सेल्युलर जेलमध्ये जाऊन त्या कोठडीसमोर उभं राहायचं, ही कितीतरी घरांतल्या आजी-आजोबांची आयुष्यभराची इच्छा असते, आणि मी दरवर्षी बघते, सत्तरीच्या पुढची माणसं गुडघे धरत जिने चढून वर जातात आणि डोळे पुसत खाली येतात. त्यांनी येऊ नये असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. उलट त्यांचं दर्शन नीट व्हावं म्हणूनच हे लिहितेय. ती तारीख आणि पाऊस यायची तारीख अगदी शेजारी शेजारी आहेत, हवामान खात्याच्या कॅलेंडरप्रमाणे मेच्या २२ तारखेच्या आसपास पोर्ट ब्लेअरला मान्सून पोचलेला असतो, म्हणजे २८ तारखेला इथे पाऊस, वारा आणि खवळलेला समुद्र असणार हेच धरून चालायला हवं, त्याला 'अचानक आलेलं खराब हवामान' म्हणता येणार नाही.

आता हा आठवडा इथे प्रत्यक्षात कसा असतो ते सांगते, कारण तिकडे बसून मोबाईलवर बघितलं की सातही दिवस ढगाचं आणि विजेचं एकच चित्र दिसतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. दिवसभर संततधार असं सहसा नसतं. पहाटे पाचच्या आधीच उजाडतं, आपण फार पूर्वेला आहोत ना, आणि कधीकधी सकाळी लख्ख ऊन असतं, इतकं की अॅबर्डीन बाजारात चालताना घामाने भिजायला होतं. मग वंडूरच्या बाजूने, म्हणजे नैऋत्येकडून, काळं आभाळ चढत येतं, एकदम गार वारं सुटतं आणि दहा मिनिटांत समोरचं दिसेनासं होईल अशी सर येते. छत्रीचा उपयोग नाही, वाऱ्याने उलटीच होते. अर्ध्या तासात थांबते, पुन्हा ऊन, रस्त्यातून वाफा, आणि तुम्ही म्हणता चला उघडलं, तेवढ्यात दुसरी. कधी रात्रभर धो धो आणि दिवस कोरडा. कधी दोन दिवस नुसतं मळभ, भुरभुर आणि वारा. वाळत घातलेले कपडे चार दिवस दमटच. आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो, तो ढगांत असला तर साडेपाचलाच अंधार, म्हणजे दुपारची सर संपायची वाट बघत बसलात तर फिरायला दिवसच उरत नाही. जेलमधला लाइट अँड साउंड शो उघड्यावर असतो, त्यामुळे पावसात त्याचाही भरवसा नाही. इथली माणसं या दिवसांत सगळी बाहेरची कामं सकाळी आठच्या आत उरकतात, पाहुण्यांनाही मी तेच सांगते, आंघोळी-नाश्ता नंतर करा, आधी बाहेर पडा.

पण खरा प्रश्न पावसाचा नाहीच, तो वाऱ्याचा आणि लाटांचा आहे, आणि हीच गोष्ट टूरवाले सांगत नाहीत. हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) आणि नील (शहीद द्वीप) या बेटांवर जायला बोटच आहे, पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड ते अडीच तास लागतात बोटीप्रमाणे, आणि तो रस्ता बराचसा उघड्या समुद्रातून जातो. वारा वाढला, समुद्र खवळला की बंदरावर धोक्याचा बावटा लागतो आणि बोटी बंद. त्या दिवशी पाऊस असेलच असं नाही! कितीदा असं होतं की वर निळं आभाळ आहे, ऊन आहे, आणि जेट्टीवर 'आज सर्व फेऱ्या रद्द' असा बोर्ड, आणि आपली माणसं तिथल्या कर्मचाऱ्याशी भांडतायत की पाऊस कुठाय, बोट का सोडत नाही. अहो पाऊस इथे नसतो पण दूर उपसागरात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा असतो आणि त्याच्या लाटा इथवर येतात. मे महिन्यात बऱ्याचदा चक्रीवादळं अंदमानच्या आसपास जन्माला येतात, २०२२ चं असनी इथल्याच समुद्रात तयार झालं, २०२३ चं मोखा पण, ते पुढे १४ मेला म्यानमारवर जाऊन आदळलं पण त्याआधीचा आठवडा इथे कसा गेला ते आम्हाला विचारा. त्या कर्मचाऱ्याला शिव्या देऊन काय होणार, तो तुमचा जीव वाचवतोय.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांना हे पटकन समजेल. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच दरवर्षी मेअखेरीला बंद होतात आणि पार ऑगस्ट संपेपर्यंत बंद असतात, कुणी त्यावर वाद घालत नाही, रस्त्याने जातात. नारळी पौर्णिमेआधी कोळी बांधव होडी लोटत नाहीत हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मग तीच माणसं विमानात बसून उपसागराच्या मध्यावर आली की हे सगळं ज्ञान कुठे जातं मला कळत नाही. इथे तर रस्त्याचा पर्यायच नाही. त्यात आपल्याकडच्या बोटी निदान बंद तरी ठेवतात, इथे त्या पावसाळाभर चालू असतात कारण त्या बेटांवर माणसं राहतात, शाळा आहेत, दवाखान्यात यायचं असतं, त्यामुळे आज चालू उद्या बंद परवा एकच फेरी असा प्रकार असतो आणि पॅकेजचा सगळा हिशोब मात्र रोजच्या रोज बोट सुटणार असं धरून केलेला.

गेल्या काही वर्षांत आमच्या घरच्याच लोकांच्या बाबतीत हे झालंय म्हणून जास्त पोटतिडकीने लिहितेय. आमच्या नात्यातलं एक कुटुंब, बरोबर दोन म्हातारी माणसं, एका टूर कंपनीच्या पॅकेजवर आलं होतं, २८ मे धरूनच. त्यांना आधी पोर्ट ब्लेअर, मग नील, मग शेवटची रात्र हॅवलॉक आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचं चेन्नईचं विमान, असा कार्यक्रम दिला होता. असा कार्यक्रम मे अखेरीला आखणं हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. व्हायचं तेच झालं, बोट रद्द, विमान चुकलं, काकांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या, हॉटेलवाल्याने त्या दिवसाचे पैसे वेगळे मागितले, आणि कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर 'हवामान आमच्या हातात नाही, अटींमध्ये लिहिलंय'. हवामान हातात नाही हे कबूल, पण कार्यक्रम तर तुमच्या हातात होता ना! हॅवलॉक आधी केलं असतं आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवल्या असत्या तर एक दिवस बोट बंद राहिली तरी विमान चुकलं नसतं. खर्च तितकाच, हॉटेलं तीच, फक्त क्रम बदलायचा. काकू परत जाताना मला म्हणाल्या की जेल बघितला त्याचं समाधान आहे पण पुन्हा कुणाला इकडे यायला सांगणार नाही, ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

आणि हे फक्त मेमध्येच होतं असंही नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ऐन सीझनला, पुढे जे वरदा चक्रीवादळ झालं त्याच्या आधीच्या वादळी पावसात हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉक आणि नीलला अडकले होते आणि नौदलाची जहाजं पाठवून त्यांना काढावं लागलं. या बेटांना दोन्हीकडून पाऊस मिळतो, नैऋत्येचाही आणि नंतर ईशान्येकडचाही, वर्षाला सुमारे ३००० मिमी पडतो, कोरडे महिने थोडेच, साधारण जानेवारी ते एप्रिल. विमानांचंही तसंच आहे, ढग खाली आले आणि जोराची सर असली की पोर्ट ब्लेअरच्या डोक्यावर येऊन विमान परत चेन्नईला किंवा कोलकात्याला जातं. विमानतळाची नवी इमारत २०२३ मध्ये झाली, सुंदरच आहे, पण धावपट्टी एकच आहे आणि आजूबाजूला डोंगर आहेत.

एक गोष्ट आवर्जून सांगायचीये. पर्यटकांना हा पाऊस नकोसा वाटतो पण इथल्या लोकांना तो हवाच असतो. चारही बाजूंनी पाणी पण प्यायला नाही अशी एप्रिल-मेमध्ये इथली अवस्था, धनीखारी धरणाची पातळी खाली गेली की नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही थोडा वेळ, मग पहिली मोठी सर आली की गल्लीत सगळे जण पिंपं आणि बादल्या घेऊन पत्र्याखाली, बंगाली, तमिळ, रांचीकडचे, आम्ही मराठी, सगळे भिजत एकमेकांच्या पिंपाला हात लावतात. त्याच वेळी समोरच्या लॉजच्या व्हरांड्यात आपले पाहुणे तोंड पाडून बसलेले असतात, माझे पैसे वाया गेले म्हणून, आणि त्यांचंही चुकत नाही कारण त्यांना निळ्या समुद्राचे फोटो दाखवून आणलेलं असतं. पावसातलं अंदमान सुद्धा बघण्यासारखं असतं, चिडिया टापूच्या वाटेवरचं जंगल, पाऊस धुऊन गेल्यावरचा जेलचा लाल रंग, आणि हॅवलॉकला पश्चिमेच्या राधानगर बीचवर मोठ्या लाटा असतात तेव्हा पूर्वेकडे विजयनगर, कालापत्थरला समुद्र बऱ्यापैकी शांत असतो कारण नैऋत्येचा वारा तिथे बेटाच्या आडोशाला जातो. पण हे कुणी सांगितलं तर ना. ड्रायव्हर सगळ्यांना राधानगरलाच नेणार कारण व्हाऊचरवर तेच लिहिलंय. त्या दिवसांत राधानगरला पाण्यात उतरू नका, लाल झेंडा असला तर अजिबात नाही.

अजून एक, मान्सून अंदमानात आला म्हणजे आता दहा दिवसांत आपल्याकडे, हा जो हिशोब दरवर्षी छापला जातो तोही जपून छापावा असं वाटतं. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी तो १९ मेलाच निकोबारला आला, पण केरळात एका वर्षी ८ जूनला पोचला आणि दुसऱ्या वर्षी ३० मेलाच. २०२५ ला १३ मेला निकोबारला आणि २६ मेला तर मुंबईत. पेरणीचा निर्णय घेणारा शेतकरी ती बातमी वाचत असतो, माझे भाऊ अजून शेती करतात, त्यांचा फोन येतो की ताई तिकडे आला का गं, आणि मी काय सांगू, आला, पण तुझ्याकडे कधी ते इथल्या आभाळावरून सांगता येत नाही.

तर संपादकांना विनंती, ती बातमी छापताना खाली चार ओळी अंदमानच्याही द्या, समुद्राला काय इशारा आहे, बोटी चालू आहेत का, हवामान खातं आणि हैदराबादची इनकॉइस ही संस्था रोज लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज देते, ती माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. टूरच्या जाहिराती घेताना बोट रद्द झाल्यास पैशांचं आणि राहण्याचं काय हे ठळक लिहायला सांगता आलं तर फारच चांगलं.

आणि ज्यांनी यंदाची बुकिंग केलीच आहे त्यांनी घाबरून रद्द करू नका, फक्त आजच फोन करून कार्यक्रम बदलून घ्या, लांबची बेटं आधी, पोर्ट ब्लेअर शेवटी, निदान एक दिवस रिकामा. म्हाताऱ्या माणसांची औषधं आठवडाभर जास्तीची घ्या, हॅवलॉकला सगळी मिळत नाहीत. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोट सुटायच्या आधी अर्धा तास घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नाही. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क जातं. जेल मात्र बेटांवर निघण्याआधी, पहिल्याच दिवशी बघा, २८ तारखेलाच जायचं असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. आणि बोटीचं आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारा आणि सकाळी निघण्याआधी पुन्हा विचारा, रात्रीत बदलतं.

आपली नम्र,
एक वाचक, पोर्ट ब्लेअर